याकोबबाबांच्या मेंदूतला पुंजका

मित्रांनो, मी एक जुना, चिकट पुंजका आहे. कोल्हारच्या याकोबबाबांच्या मेंदूत, पेशींच्या बाहेर, वीसेक वर्षांपासून बसून आहे.

पूर्वी मी असा नव्हतो. पेशींभोवतीच्या पाण्यात वाहणारं एवढंसं प्रथिन होतो. आमच्यातल्या कुणाच्या धाग्याची घडी चुकून आकार बिघडला, तर मदतनीस प्रथिनं त्याला धरत आणि ते वाहून जाई. माझी घडी चुकली, पण मी सापडलो नाही. माझ्यासारखेच आणखी येऊन मला चिकटले. बाबांचं वय वाढलं, तसे मदतनीसही कमी पडू लागले.

किती छान दिवस होते ते! बाबा चर्चची घंटा वाजवत. उपासनेला भरभर ठोके, मयताला एकेक, थांबून थांबून. एक पेशी दुसरीला निरोप देई आणि हात कधी चुकत नसे.

आम्ही वाढलो, पेशी आजारी पडल्या, निरोप अडू लागले. मागच्या महिन्यात बाबांनी रविवारी मयताचे ठोके दिले.

उसाला लावलेलं पाणी तसंच सोडून शेजारच्या मळ्यातला सहादेव धावत आला. "कोन गेलं?"

"कुनी न्हाई. रविवार हाय ना आज?"

"मंग रविवारलाच पुरलास की रं, याकोब!"

सगळे हसले. बाबांचा चेहरा उतरला.

चर्चचे पाळकसाहेब हळूच म्हणाले, "आता घंटेचा दोर दुसऱ्या कुणाकडे देऊ."

चाळीस वर्षांचं काम! बाबा दोरावरची मूठ सोडेनात.

तेवढ्यात सून रोझी बाळाला कडेवर घेऊन पुढे आली. "साहेब, पप्पा मुद्दाम नाही करत. परवा चहात दोनदा मीठ घातलं त्यांनी. मी नगरला दाखवून आणते. पण दोर काढून घेऊ नका. मी शेजारी उभी राहीन."

नगरच्या डॉक्टरांनी हा विसरण्याचा आजार असल्याचं सांगितलं. पूर्ण बरं होईल, असं मात्र म्हणाले नाहीत. मित्रांनो, दोष एकट्या माझा नसेल, पण माझा वाटा आहेच. मला आता परत वाहून जाता येत नाही. तुमच्या घरी कुणी असं चुकू लागलं, तर हसू नका. लवकर दाखवा, आणि त्यांच्या हातातलं काम हिसकावू नका.

काल रविवार होता. रोझीने बाबांच्या मनगटावर बोटांनी भरभर ताल धरला. बाबांनी दोर ओढला. तिसऱ्या ठोक्याला ते थबकले. रोझीची बोटं थांबली नाहीत.

मग ठोके भरभर पडू लागले, आणि लोक गीतांची पुस्तकं काखेत घेऊन सावकाश चर्चकडे निघाले.