परातीएवढी जागा

उन्नतीचा हात इतका नेमका होता की तिनं वीस बॉल मारले तर अठरा एका परातीएवढ्या जागेत पडायचे. सुखदेव मेश्रामनं ही गोष्ट ऑफिसात कुणाला सांगायची बाकी ठेवली नव्हती. जेवणाच्या सुट्टीत तो दोन्ही हातांनी हवेत गोल काढून दाखवायचा, "इतनी जगह में, बस इतनी," आणि ज्यांनी जन्मात रॅकेट धरली नाही तेही घास हातात ठेवून वा वा म्हणायचे. बापाला पोरीचं कौतुक असायचंच, त्यात काय एवढं. पण ज्या गोष्टीवर तो अशी छाती फुगवून बोलायचा, तीच पुढं पोरीच्या मुळावर आली.

सुखदेव मूळचा पुलगावचा, दिल्लीत एका मंत्रालयात क्लार्क. बायको चंदा, एकुलती एक उन्नती, आणि द्वारकेत दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर. क्वार्टरमागच्या भिंतीपलीकडं टेनिस अकॅडमी होती. पलीकडून बॉल उडून यायचे, इकडची पोरं ते परत फेकायची. नऊ वर्षांच्या उन्नतीनं एक बॉल परत फेकलाच नाही. प्लायवूडची फळी घेऊन तिनं तो पाण्याच्या टाकीवर मारायला सुरुवात केली ती थांबेचना. अख्ख्या लायनीच्या दुपारच्या झोपेचं खोबरं झालं. शेवटी सुखदेवनं मुनिरक्यात खोली सोडून चाललेल्या एका विद्यार्थ्याकडून जुनी रॅकेट आणली आणि पोरीला घेऊन अकॅडमीच्या गेटवर गेला.

गेटवर हा मोठा बोर्ड होता, 'टेनिस सबके लिए'. सगळ्यांसाठी म्हणजे नेमकं कुणासाठी, ते आत फी विचारल्यावर कळलं. सुखदेवच्या पगाराचा तिसरा हिस्सा, आणि त्यात रॅकेट, तार, बूट, स्पर्धेचं भाडं काहीच धरलेलं नाही. कोच दहिया सर सज्जनपणे म्हणाले, "सोच के बताइए." अशा वेळी विचार काय करायचा असतो, तुम्हीच सांगा.

गेटबाहेर उन्नतीनं भोकाड पसरलं आणि चंदा तिला मराठीतून दटावायला लागली. ते ऐकून पांढऱ्या मोठ्या गाडीतून एक बाई उतरल्या. "अय्या, तुम्ही मराठी?" त्या हेमांगी कारखानीस. तीन पिढ्या दिल्लीत, मोठ्या सोसायटीत घर, मुलगी देवयानी उन्नतीच्याच वयाची आणि याच अकॅडमीत. कुठले, काय करता, आडनाव काय, सगळं विचारून झालं. मेश्राम म्हटल्यावर बाई क्षणभर थांबल्या, मग पहिल्याहून गोड हसल्या. "अहो, आपलीच माणसं. मी बोलते सरांशी."

आणि त्या खरंच बोलल्या. उन्नतीची फी माफ झाली. बदल्यात तिनं रोज सकाळी शाळेआधी दीड तास देवयानीबरोबर खेळायचं. देवयानीला सरावाला जोडीदार मिळेल, उन्नतीला कोर्ट मिळेल. सुखदेवचे डोळे भरून आले. घरी बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभा राहून तो चंदाला म्हणाला, "बघ, चांगली माणसं असतात जगात." चंदा म्हणाली, "असतात. पण आपली गरज किती आहे ते त्यांना दाखवू नका." तिचं ऐकायला हवं होतं. पण आनंदात असलेल्या माणसाला कोण समजावणार.

त्याच अकॅडमीत रामफल नावाचा पन्नाशीचा मार्कर होता. मार्कर म्हणजे मोठ्या लोकांशी खेळायला ठेवलेला पगारी माणूस. साहेबांना घाम यावा, मजा यावी, आणि शेवटी साहेबच जिंकावेत, एवढं त्याचं काम. तो तिथल्या सगळ्यांच्या वरचढ खेळायचा आणि कुणाला हरवायचा नाही. सुखदेवला त्याची मोठी गंमत वाटायची. "क्या रामफलजी, आज भी हार गए?" असं तो हसत हसत विचारायचा. रामफलही हसायचा.

तीन वर्षं उन्नती पहाटे उठली. देवयानी ओरडायची, "फोरहँड!" की बॉल तिच्या फोरहँडला. "बॅकहँड!" की बॅकहँडला. पण तिला आवडायचा फोरहँड, म्हणून दहा बॉलांतले आठ तिकडंच. लाल मातीच्या कोर्टावर देवयानीच्या बाजूला, उजव्या कोपऱ्याच्या अलीकडं, ठशांवर ठसे उमटायचे. परातीएवढ्या जागेत. नोव्हेंबरच्या धुरातसुद्धा सुखदेव कुंपणाच्या जाळीबाहेर उभा राहून ते मोजायचा आणि ऑफिसात येऊन सांगायचा.

एकदा, बारा वर्षांची असताना, उन्नतीला काय वाटलं कोण जाणे. देवयानीनं "फोरहँड" म्हटलं आणि हिनं दुसऱ्याच कोपऱ्यात सणकून मारला. लागोपाठ सहा वेळा. देवयानी धावून धावून रडकुंडीला आली, रॅकेट आपटून निघून गेली. उन्नती मात्र एकटीच हसत उभी होती, गाल लाल झालेले. सुखदेवनं तिला इतकं खूश त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

दुपारी हेमांगीताईंचा फोन आला. आवाज गोडच. "मेश्राम, मुलं आहेत, होतं असं. पण देवूचा कॉन्फिडन्स जातो हो. सरही म्हणत होते, दुसरं कुणी बघू का." संध्याकाळी त्यानं पोरीला समोर बसवलं.

"तिच्या हातात द्यायचा बॉल. कळलं?"

"पण बाबा, मग मी खेळू कधी यार?"

"यार नाही म्हणायचं बापाला. दोन वर्षं कळ काढ. आपल्याला गरज आहे, त्यांना नाही." मग तिला देवयानीच्या घरी नेऊन त्यानं माफी मागायला लावली. उन्नती दारातच "सॉरी" म्हणाली. पुन्हा तिनं तसं केलं नाही. देवयानीचा बॉल जाळीत गेला तरी सॉरी हीच म्हणायला लागली. सुखदेवला वाटलं, पोरगी शहाणी झाली. शहाणी! हाडाचा चांगला माणूस, पण त्या दिवशी त्यानं आपल्या हातानं काय केलं ते त्याला कळलं नाही.

मग या फेब्रुवारीत ती स्पर्धा आली, चौदा वर्षांखालची, दिल्लीच्या दुसऱ्या टोकाला. पानिपतजवळ एका ट्रस्टची निवासी अकॅडमी होती. राहणं, खाणं, शाळा, कोचिंग, सगळं मोफत. मुलींच्या दोन जागा. सेमीफायनलला पोचलेल्या चौघींचा खेळ बघून ट्रस्टचे साहेब दोघींना निवडणार होते. उन्नती यंदा चौदा पूर्ण करणार, म्हणजे पुढच्या वर्षी ती वयातून बाद. जे काय व्हायचं ते आत्ताच. सुखदेवनं रजा टाकली, रॅकेटची तार नवी करून घेतली. पोरीनं पहिल्या दोन मॅच फटाफट जिंकल्या. अनोळखी पोरींपुढं ती कोर्टभर बॉल फिरवायची, बघणारे माना डोलवायचे.

क्वार्टरफायनलला समोर आली देवयानी.

सुखदेवला खरं तर हायसं वाटलं. देवयानीचा खेळ त्याला पाठ होता. बॅकहँड लुळा, पळायचा कंटाळा. कोर्टात शिरताना त्यानं पोरीचा खांदा धरला. "आज हातचं राखायचं नाही. मोकळी मार. मी सांगतोय ना."

"हो बाबा," उन्नती म्हणाली.

सर्व्हिसच्या जोरावर तिनं पहिले तीन गेम घेतले. सर्व्हिस तिनं रामफलकडून शिकली होती, त्यात देवयानीचा संबंध नव्हता. मग देवयानीनं सर्व्हिस कशीबशी परत करायला सुरुवात केली, रॅली लागल्या, आणि सुखदेवच्या लक्षात यायला लागलं. बॉल देवयानीच्या फोरहँडला. पुन्हा फोरहँडला. तिच्या डावीकडचा, बॅकहँडचा अख्खा कोपरा ओस पडलेला, आणि बॉल परत त्याच परातीत. देवयानी हलतच नव्हती. तिला माहीत होतं कुठं येणार ते. जागेवर उभी राहून ती एकेक बॉल सणसणीत मारत होती, आणि उन्नती या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होती.

"बॅकहँडला!" सुखदेव ओरडला. "अगं तिच्या बॅकहँडला मार!"

बाहेरून सांगणं नियमात बसत नाही. पंचांनी ताकीद दिली. शेजारी बसलेल्या हेमांगीताई हळूच म्हणाल्या, "मेश्राम, प्लीज. मुलींना खेळू द्या ना."

उन्नती प्रयत्न करत होती, हे त्याला दिसत होतं. ती दात-ओठ खाऊन त्या रिकाम्या कोपऱ्यात मारायला जायची आणि बॉल जाळीत तरी जायचा, नाहीतर हातभर बाहेर. मग घाबरून पुन्हा तिथंच. दुसऱ्या सेटमध्ये देवयानीचा एक सोपा बॉल जाळीत गेला. पॉइंट उन्नतीचा. आणि उन्नती हात वर करून म्हणाली, "सॉरी." बघणारे हसले. सुखदेवनं कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवली आणि मान खाली घातली.

६-४, ६-३. देवयानी जिंकली.

मेट्रोत उन्नती खिडकीकडं बघत म्हणाली, "बाबा, मी मुद्दाम नाही केलं. प्रॉमिस. मी तिकडंच मारायला जाते, पण देवू समोर असली ना, की हात आपोआप तिच्याकडंच जातो." सुखदेवनं तिची रॅकेट मांडीवर घेतली आणि द्वारका येईपर्यंत तिच्या तारा उगीच सरळ करत बसला.

घरी पोचतायत तोच दहिया सरांचा फोन. उद्या देवयानीची सेमीफायनल, त्याआधी वॉर्म-अपला उन्नतीला पाठवा. "ले आइए, ट्रस्टवाले साहब भी होंगे. नज़र पड़ गई तो क्या पता." चंदा ऐकत होती. "नका नेऊ," ती म्हणाली, "पाया पडते तुमच्या, उद्या नका नेऊ तिला." पण त्या "क्या पता"नं सुखदेवचा घात केला. त्याला वाटलं, दिसली तर पाहिजे निदान.

सकाळी स्पर्धेच्या ठिकाणी कोर्ट नुकतंच झाडून, पाणी मारून ठेवलेलं होतं. देवयानी ओरडली, "फोरहँड!" आणि उन्नती द्यायला लागली. काय सुंदर खेळत होती पोरगी! प्रत्येक बॉल एकाच उंचीचा, एकाच वेगाचा. ट्रस्टचे साहेब चहाचा कप घेऊन चालता चालता थबकले.

"ये दूसरी लड़की कौन है? कमाल का हाथ है. ये भी खेल रही है आज?"

दहिया सर वहीत बघत होते. सहज म्हणाले, "नहीं सर, ये तो मार्कर है हमारी."

"बेटी है मेरी," सुखदेव म्हणाला. एवढ्या मोठ्यानं म्हणाला की हेमांगीताई दचकल्या. "मेरी बेटी है. प्लेयर है. उन्नती मेश्राम नाम है."

साहेबांनी मान हलवली. "अच्छा, अच्छा. बहुत बढ़िया सिखाया है आपने," ते म्हणाले आणि पुढच्या कोर्टाकडं गेले.

भिंतीशी बॉलांची बादली घेऊन दहिया सरांबरोबर आलेला रामफल उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. सुखदेवनं त्याच्याकडं पाहिलं, पण या खेपेला रामफल हसला नाही. देवयानीच्या बाजूला मातीत ठशांवर ठसे पडत होते. सुखदेवनं मोजले नाहीत. देवयानीनं एक बॉल जोरात मारला, तो जाळीत गेला, आणि पलीकडून हात वर करून त्याची लेक म्हणाली, "सॉरी."