शोभेची खिडकी

संघपालनं टेम्पोचा दोर सोडायला घेतला, तेवढ्यात वरच्या मधल्या खिडकीचं दार हलकेच मिटलं.

अंजलीनं ते पाहिलं. टेम्पोवाल्या बिरूनंही पाहिलं असावं, कारण संघपालनं सोडलेली गाठ त्यानं पुन्हा आवळली.

"ताई, माघारी चला. ती बाई हितं कुणाला टिकू देत न्हाय."

बारामती-इंदापूर रस्त्याला उसाखेरीज काही दिसत नाही. त्यात हा फ्रेंच बंगला म्हणजे भलत्याच लग्नात शिरलेला पाहुणा. साखर कारखान्याच्या कुणा बड्या मॅनेजरनं इंग्रजी अमदानीत तो हौसेनं बांधून घेतला होता. उभट काळं छप्पर, छपरातूनच डोकावणाऱ्या खिडक्या. आता वारस मुंबईत. बंगला ओस पडू नये म्हणून त्यांनी मागच्या दोन खोल्या भाड्यानं दिल्या, त्याही माणूस न बघता.

"ती खिडकी नुसती शोभेची हाय," संघपाल म्हणाला. "मागं खोलीच न्हाय. आन् भुतंखेतं आपुन मानत न्हाय."

दोराला मात्र त्यानं पुन्हा हात लावला नाही.

त्र्याण्णव साली एमआयडीसीतल्या दूध प्लांटवर त्याला नोकरी लागली, तेव्हापासून दोघांनी बारामती पालथी घातली होती. घरमालकिणी चहा द्यायच्या, कौतुक करायच्या, मग आडनाव विचारायच्या. आणि नेमका त्याच खोलीत त्यांचा कुणी पुतण्या राहायला येणार असायचा. या पुतण्यांना अंजली विटली होती. तिचे दिवस भरत आले होते. बाळाला न्यायचं कुठं, या धास्तीनं तिला झोप नव्हती.

"मी बघून येते," म्हणत ती कठडा धरून वर गेली.

माळ्यावर खिडकीच्या जागी खरंच भिंत होती. मे महिन्याच्या उन्हानं छप्पर तापलं होतं, भिंत मात्र माठासारखी गार लागली.

"कोण?" भिंतीपलीकडून बाईचा आवाज आला.

अंजलीनं भिंतीवरचा हात झटकन मागं घेतला.

"अंजली," ती कशीबशी म्हणाली, आणि सवयीनं मान खाली घालून पुढच्या प्रश्नाची वाट पाहत राहिली.

पलीकडे बांगड्या वाजल्या. कुणी सरकून जागा करून द्यावी, तशी सळसळ झाली.

"जिना जपून उतर, पोरी. अशा दिवसांत घाई करू नये."

अंजलीला रडूच फुटलं.

"अंजू!" खालून संघपालनं हाक मारली. "कुणी हाय का वर?"

तिनं पदरानं डोळे पुसले.

"हाय," ती म्हणाली. "सामान घ्या उतरून."