बारा टन दगड

गुरुवारपासून मी एका दगडाच्या पोटात बसून आहे. म्हणजे मी स्टील प्लांटच्या कॉलनीत, सेक्टर सहाच्या आमच्या क्वार्टरमध्येच आहे, कॉम्प्युटरसमोर. पण माझं जहाज 'टिटवी' अंतराळातल्या एका भल्यामोठ्या दगडाच्या भुयारात अडकलंय, आणि तीन दिवसांत मला दोन्हीतला फरक कळेनासा झालाय. केमिस्ट्रीच्या तासालासुद्धा भिंती जवळ येतात.

खेळ साधा आहे. दगड खणा, लोखंड काढा, जहाज बांधा, दुसऱ्याचं फोडा. पण आमच्या शाळेतल्या मुलांच्या सर्व्हरवर तयार तोफा-बंदुका बंद आहेत. शस्त्र हवं तर हाताशी असेल त्यातून जुगाड करा. रविवारी संध्याकाळी सातला सीझन संपतो. तेव्हा जे जहाज शाबूत असेल ते पुढच्या सीझनला जातं. जे फुटलं, ते कायमचं गेलं.

टिटवी मी दिवाळीच्या सुट्टीपासून बांधतेय, एकेक ठोकळा करून. तेव्हा माझं नाव होतं 'प्लेयर ७७' आणि माइक बंद. सगळे मला मुलगा समजायचे, मी समजू द्यायची. संक्रांतीच्या दिवशी माइक लावला आणि सांगून टाकलं, मी अनुजा, इलेव्हन्थ बी. दुसऱ्या दिवसापर्यंत चार जणांनी मला गेम कसा खेळायचा ते शिकवलं. त्यातल्या तिघांची जहाजं मी फेब्रुवारी लागायच्या आत फोडली.

चौथा अमरदीप. बारावीचा. बोर्डाची परीक्षा तोंडावर आणि हा भुयाराच्या तोंडावर. त्याच्या जहाजाच्या नाकावर खोलीएवढं ड्रिल आहे, ते दिवसरात्र घरघरत असतं. त्यात जे सापडेल त्याचा भुगा होऊन जहाजाच्या पोटात जातो. मी लोखंड खणायला आत शिरले आणि त्याने बाहेरून वाट अडवली.

"निकल आ ना अनुजा," तो माइकवर म्हणतो. "ग्रुप में बस इतना लिख दे, टिटवी का डिजाइन अमरदीप का है. मैं हट जाऊँगा."

खोटं कशाला सांगू, शुक्रवारी मी ते वाक्य टाइप करून पाहिलं होतं. मग पुसलं.

जहाजावर माझ्यासोबत संघमित्रा असते. ती माझ्याच वर्गातली, कुम्हारीहून बसने येते. मी चालवते, ती सामान, पिस्टन, क्लॅम्प बघते. दोघींच्या घरी मराठी, पण माइकवर आम्ही हिंदीच बोलतो. सगळेच बोलतात.

आमच्याकडे काय होतं? दोन पिस्टन, एक मोठी पेटी, आणि दगड. भुयारात दगडांना काय तोटा. पेटीत बारा टन भरले, पिस्टनने जोरात ढकलली. पेटी गेली हळूच, आणि आम्हीच मागच्या भिंतीवर आपटलो. दिवे फुटले. पुन्हा केलं, पुन्हा आपटलो.

शनिवारी पप्पा ड्यूटीवरून आले. ते कोक ओव्हनला पुशर मशीन चालवतात, म्हणजे भट्टीतला लाल कोक ढकलून दुसऱ्या बाजूने बाहेर काढायचा.

"का करून राहिली वं?"

"तोफ बनवून राहिले. ढकललं की मीच मागं जाते."

पप्पांनी उभ्या उभ्याच स्क्रीन पाहिला. "जाशीनच ना. आमचं पुशर ढकलते, तर ते रुळावर बसून असते. तुया जहाजाले रूळ कुठं आहे?"

"अंतराळात रूळ कुठून आणू?"

"मंग ढकलू नको," म्हणाले आणि आंघोळीला गेले.

ढकलायचं नाही. मग पळत न्यायचं. पेटी पुढे धरून भुयारातून पूर्ण वेगाने सुटायचं, शेवटी क्लॅम्प उघडायचा आणि आपण ब्रेक मारायचा. अंतराळात ब्रेक आपल्याला असतो, पेटीला नसतो.

रविवारी पावणेसातला निघालो. समोर भुयाराचं गोल तोंड, त्यात फिरणारं ड्रिल. वेग वाढत गेला तशी भुयाराची भिंत अंगावर येत गेली. तेवढ्यात दिसलं, पेटी वर उचललेली राहिलीय. पुढे छत उतरत होतं. पेटी आता घासणार, तुटणार.

घाबरले की माझ्या तोंडून घरचंच निघतं. "खाली कर! खाली कर वं!"

मला म्हणायचं होतं, पेटी खाली घे. संघमित्रा तीन दिवस हिंदीत होती. तिने पेटी खाली केली, म्हणजे रिकामी.

बारा टन दगड आमच्यासमोर सांडले.

"हे काय केलंस?"

"तूच तर बोलली, खाली कर!"

आपल्याच दगडांवर आपटू नये म्हणून मी दोन्ही हातांनी ब्रेक दाबला. टिटवी थांबत गेली. दगड थांबले नाहीत. सगळा ढीग तसाच, त्याच वेगाने पुढे गेला आणि ड्रिलमध्ये शिरला. ड्रिलचं काम दगड खायचं. ते खात सुटलं. अमरदीपचं जहाज दगडांनी भरत गेलं, जड झालं, धक्क्याने मागे सरकू लागलं, आणि त्याच्या छोट्या इंजिनांना ते वजन आवरेना.

"अबे, ये रुक क्यों नहीं रहा?" माइकवर तो कोणाला विचारत होता, देव जाणे.

वाट उघडली, पण एका बाजूनेच. मी टिटवी तिरकी घातली. डावी भिंत घासली, पुढची ब्रेकची इंजिनं खरडून निघाली. मग एकदम काहीच नाही. भिंत नाही, छत नाही, नुसतं काळं.

"ये कौन सा हथियार था?" अमरदीप दुरून म्हणाला. "किसका डिजाइन है?"

"संघमित्रा मेश्राम और अनुजा ठवकर का," मी म्हटलं. "ग्रुप में लिख देना."

सात वाजायला, म्हणजे सीझन संपायला, चार मिनिटं होती. ब्रेक नव्हता, त्यामुळे आम्ही सरळ, कुठेच नाही अशा दिशेने चाललो होतो.

"आता का करू?" संघमित्रा मराठीत म्हणाली.

"काही नको करू. हात पण नको लावू."