पडद्याखालचे पाय

चपलांच्या दुकानावर एक हॉल आहे, तिथल्या जिन्यापासूनच बायकांची रांग लागायची. वर जाणारी घाबरलेली, खाली येणारी भारावलेली.

"काय गं, निघालं?"

"निघालं बाई! काळंकुट्ट! आणि वास म्हणशील तर, शी!"

एवढं ऐकलं की रांग एकमेकींच्या पायांवर पाय देत पुढे सरकायची.

चमत्कार असा, की हॉलमध्ये आडवा निळा पडदा. बाईने अलीकडे खुर्चीवर बसायचं आणि पाय पडद्याखालून पलीकडे सारायचे. पलीकडे टब, टबात गुरगुरणारं यंत्र, सभोवती नातेवाईक, आणि मधोमध डॉक्टरमहाराज. डॉक्टर म्हणावं तर डिग्री नाही, महाराज म्हणावं तर दाढी नाही. दाढी माझ्याच सलूनमध्ये उतरते. वस्तरा जरासा लागला तरी या माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि हा म्हणे तळपायातून कॅन्सर ओढून काढतो!

"पडदा कशाला, महाराज?" मी एकदा विचारलं होतं.

"बायकी आजार. मर्यादा पाळावी लागते."

इथेच तर त्याची सगळी अक्कल होती. पिशवीचा, अंडाशयाचा आजार म्हटलं की बायका सख्ख्या बहिणीलाही सांगत नाहीत. जिथे नाव घ्यायची लाज, तिथे कुणीही येऊन पडदा टांगावा.

पाणी रंग बदलायला लागलं की महाराजांची टकळी सुरू. "पिवळं म्हणजे चिंता. तपकिरी म्हणजे पिशवीची घाण. काळं म्हणजे गाठ. आणि हा फेस दिसतोय ना? सासरचा ताण!"

फेसावर तर सगळ्या जणी एकदम माना डोलवायच्या.

मला हसू आलं असतं, पण त्या खुर्चीवर माझी वहिनी बसत होती. वहिनी शिवणकाम करते. पाळी थांबून काही वर्षं झाली होती आणि अचानक पुन्हा रक्त जायला लागलं. तपासणीत गर्भाशयाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "वेळेत आलात, पसरलेला नाही. पिशवी काढून टाकू. पण आता टाळू नका." वहिनीने टाळलं. ऑपरेशनची एक तारीख गेली, दुसरी जायच्या बेतात होती.

"भाऊजी, थोड्याच बैठका राहिल्यात. पिशवी आपोआप साफ होतेय," ती म्हणायची. दादा टॉवेल धरून तिच्यामागे उभा. लग्नात तिचा हातही धरला नसेल एवढ्या भक्तीने.

शेवटी मी टकलीबाईंना गाठलं. त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. स्वतःला अंडाशयाचा कॅन्सर झाला, औषधांनी केस गेले, तेव्हा लोकांनी नाव ठेवायच्या आत त्यांनी स्वतःच हे ठेवून घेतलं. यातून गेलेल्या आणखी काही जणींना घेऊन त्या हॉस्पिटलात बसतात. नव्या बाईबरोबर डॉक्टरांकडे जातात, ती घाबरून विसरते ते प्रश्न विचारतात, आणि नवरा तोंड लपवत असेल तर त्याला बाहेर नेऊन झापतात.

टकलीबाईंनी एक बैठक पाहिली आणि वहिनीला म्हणाल्या, "तुझ्या जागी उद्या दिराला बसव. पाणी स्वच्छ राहिलं, तर मीच तुला रोज इथे आणून सोडेन."

"आणि काळं झालं तर?"

"मग काय करायचं ते तू ठरव."

मग माझ्याकडे वळल्या. "पिशवी नाही ना तुम्हाला? उत्तम. पाय भादरून या."

उभ्या आयुष्यात लोकांची तोंडं भादरली, त्या सकाळी स्वतःचे पाय भादरले. बायकोने नखांना गुलाबी रंग लावला आणि दिवसभर खिदळत राहिली.

मी खुर्चीवर बसलो, पाय पलीकडे सारले. वहिनी शेजारी उभी.

"ताई, आज पायांना सूज फार दिसतेय!" पलीकडून आवाज आला.

"हो ना," वहिनी म्हणाली.

"पिशवी जड झालीय, म्हणून. घाबरू नका." यंत्र गुरगुरलं. "पिवळं... तपकिरी... आलं, काळं आलं! सुटली गाठ! ताई, पिशवी मोकळी झाली!"

टाळ्या पडल्या. वहिनीने पडद्याच्या फटीतून टबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिनेच पडदा ओढला. तो असा ओढला, की दांडीसकट महाराजांच्या डोक्यावर आला.

विजार गुडघ्यापर्यंत, मिशा, आणि गुलाबी नखं. मग मागून एक आजी म्हणाली, "अगं बाई, ह्यांना कधी झाली पिशवी?"

"पुरुषालाही... सूक्ष्म पिशवी असते!" पडद्याखालून महाराज बोलले.

टकलीबाईंनी टब रिकामा केला. ताजं पाणी, महाराजांच्या डब्यातलं 'दिव्य चूर्ण', आणि पायांऐवजी लाकडी स्टूल. यंत्र लावलं. पाणी पिवळं, तपकिरी, काळं.

"स्टुलाची गाठ सुटली गं!" कुणीतरी ओरडलं.

मग एका बादलीत ताजं पाणी घेतलं आणि यंत्र त्यात, चूर्ण न घालता लावलं. पाणी जवळजवळ तसंच राहिलं. बाईंनी यंत्र बंद केलं, प्लग काढला आणि आतल्या दोन लोखंडी पट्ट्या वर धरल्या. कडा कुरतडल्यासारख्या झालेल्या. "चूर्ण म्हणजे मीठ. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की लोखंड झपाट्याने गंजतं. तुम्ही पाहिलात तो हा गंज. यांच्या टबात कुणाचा रोग उतरला असेल, तर या पट्ट्यांचा."

हशा पिकला. त्यात एक बाई मात्र उभी राहिली. "मग माझी गाठ?"

"आहे तिथेच आहे," टकलीबाई हलकेच म्हणाल्या. "उद्या माझ्याबरोबर चल."

तेवढ्या गडबडीत महाराज टब उचलून पळाले. जिन्यात टब कलंडला आणि सगळी गाठ, सगळी चिंता, सासरच्या ताणासकट खालच्या दुकानातल्या कोऱ्या चपलांवर ओतली गेली. दुकानदाराने त्यांना कसली मर्यादा दाखवली, ते मी सांगत नाही.

दुसऱ्या तारखेला आम्ही हॉस्पिटलात गेलो. खिडकीतल्या माणसाने दबक्या आवाजात विचारलं, "कशाचं ऑपरेशन, बाई?" दादा खाली बघायला लागला. वहिनीने एक हात टकलीबाईंच्या हातात दिला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "गर्भाशयाचा कॅन्सर आहे. पिशवी काढायचीय."

अख्खी रांग वळली. मागची एक बाई पुढे सरकून वहिनीच्या कानाशी लागली. "ताई, पाळी गेल्यावर रक्त जाणं... हे चांगलं नसतं का? मला दोन महिने जातंय."

"आजच दाखवा," वहिनी म्हणाली. "थांबा, तुमच्याबरोबर आमच्यातली एक जण येईल."

वहिनीचं ऑपरेशन झालं. पुढच्या तपासण्या चालू आहेत, आणि त्या ती चुकवत नाही. बायांनो, रक्त अवेळी गेलं, पोट विनाकारण फुगलं, दुखणं जाईना, तर डॉक्टरांना दाखवा, आणि एकट्या जाऊ नका. आणि पुरुषांनो, टॉवेल धरून उभं राहण्यापेक्षा आजाराचं नाव घ्यायला शिका.