पाच आत्यांचं लग्न

"तुला येतं ना? मग शिकव की!" साहेब म्हणाले. म्हणजे मला पोहता येतं, तर बुडणारे सहा जण पाठीवर घ्यायचे!

वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा असतो, फ्रेमवर्क म्हणतात त्याला. आमच्या ऑफिसनं तो नवा घेतला होता. चार तासिकांत सहा जणांना शिकवायचा आणि शुक्रवारी साहेबांसमोर परीक्षा. "ज्याला जमणार नाही तो गोदामात," साहेब म्हणाले आणि नेमकं काकांकडे बघितलं. काका आमच्यातले सगळ्यात वयस्कर. मी नोकरीला लागले तेव्हा मला शेजारी बसवून कोड शिकवला तो त्यांनीच.

ऐंशी स्लाइड केल्या आणि रंगीत तालीम आईपुढे घेतली. तिसाव्या स्लाइडला ती म्हणाली, "अगं, नुसती भांडीच दाखवणार की काही शिजवणारही आहेस?"

असा राग आला! पण बोलली ते खरंच होतं. स्लाइड काढून टाकल्या. ठरवलं, प्रत्येकानं रजेच्या अर्जाचं पान बनवायचं. नमुन्याला मीच एक अर्ज भरून दिला: सोमवारी रजा, कारण आत्याचं लग्न.

पाच जण एकमेकांचं बघून धडाधड उतरवायला लागले. काका मात्र वही उघडून बसले.

"काका, टाइप करा की हो!" मी खेकसले.

"आधी मला कळू दे," ते शांतपणे म्हणाले. तीन तासिका हेच. मी कपाळाला हात लावला.

शुक्रवारी सगळ्यांनी 'पाठवा' दाबलं आणि साहेबांचा फोन टिंगटिंग वाजायला लागला. माझ्या बावळटपणाची कमाल! सरावाची पानं मी ऑफिसच्या खऱ्या रजेच्या यंत्रणेला जोडून ठेवली होती.

"पाच अर्ज," साहेब वाचायला लागले. "पाचही आत्यांचं लग्न सोमवारीच? आणि सहावा कुठंय? काकांना जमलं नाही वाटतं."

मला रडूच यायचं बाकी होतं. साहेब काकांच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले.

"मीही दाबलं," काका म्हणाले, "पण हे पान घेईना."

स्क्रीनवर लाल अक्षरं होती: सोमवारी पाच जण आधीच रजेवर आहेत. तुम्ही कामावर या.

"ही अट हिनं शिकवली?"

"नाही. मागे एकदा सगळे एकदम रजेवर गेले होते. दिवसभर मी एकटाच फोन उचलत होतो. ते डोक्यात होतं."

साहेबांनी तिथल्या तिथे पाचही रजा नामंजूर केल्या. म्हणाले, "पुढच्या तुकडीला काका शिकवतील." मला इतका आनंद झाला की पाच आत्यांचे शिव्याशापही गोड लागले असते.

सगळे गेल्यावर मी हळूच म्हटलं, "काका, ती वही द्या ना जरा. उतरवून घेते."

काकांनी वही मिटली, शेजारची खुर्ची ओढली आणि माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी म्हणाले होते तसंच म्हणाले, "उतरवायचं नाही. बस इथे."