घेराची दुमड

नऊशे किलोमीटर, विमानाने दीड तास. हे कुणीही सांगेल. पण माझे बाबा शिंपी. त्यांच्या हिशेबात ते अंतर म्हणजे माझ्या लग्नाच्या झग्याच्या घेराची दुमड, तीही सावकाश, मध्ये चहा घेऊन.

"विमानात बसून दुसरं करायचंय काय? ढग मोजायचेत?" असं म्हणत त्यांनी महिनाभर यच्चयावत गिऱ्हाइकांची कामं उरकली आणि माझा झगा तेवढा अर्धवट ठेवला. मी रागावले, रडले, अबोला धरला. पालथ्या घड्यावर पाणी! उतरल्या उतरल्या लग्नाचं नोंदणी कार्यालय गाठायचं होतं आणि माझ्याकडे दुसरा झगा नव्हता.

कात्री मोठ्या बॅगेत घालून विमानाच्या पोटात सामानात गेली, सुईदोरा बाबांच्या खिशात राहिला. विमान वर चढलं तसा तो अवाढव्य घेर आमच्या मांड्यांवर पसरला आणि खिडकीजवळच्या काकूंच्या चहात बुडता बुडता वाचला. बाबा टाके घालत होते, मी दोरा दातांनी तोडत होते. माझा राग कुठल्या कुठे पळाला. खरं सांगते, मला भलतीच मजा यायला लागली.

तेवढ्यात वैमानिकाने आनंदाची बातमी दिली. पाठीमागून जोरदार वारा आहे, आपण वीस मिनिटं आधी उतरू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या तोंडचं पाणी पळालं.

"अहो ताई," बाबांनी हवाईसुंदरीला हाक मारली, "साहेबांना म्हणावं, जरा लांबच्या रस्त्याने घ्या."

"काका, इथे रस्ताच नसतो."

"मग तर कुठूनही नेता येईल की!"

ती बिचारी तोंडावर हात धरून पळाली. बाबांची सुई सुसाट सुटली. विमान हेलकावे खात होतं, बाबा वर बघत नव्हते. चाकं टेकली तेव्हा त्यांनी शेवटची गाठ मारली.

"झालं!" म्हणत ते ऐटीत उभे राहिले. झगाही उभा राहिला.

झग्याबरोबर त्यांनी स्वतःची पँटही शिवली होती, उजव्या मांडीवर, चांगली वीतभर. आणि बाबांचा टाका ओढून तुटत नाही.

विमानतळातून आमची वरात निघाली. पुढे बाबा, त्यांच्या मांडीला झगा आणि मागे घेर सावरत, हसून हसून पोट दुखलेली मी. बाहेर नवरदेव घड्याळ बघत उभा होता. आम्हाला पाहून तो मटकन खालीच बसला.

मी बॅगेतून कात्री काढली.

"उसवत बसलो तर कार्यालय बंद होईल," नवरदेव म्हणाला.

"झग्याला हात लावायचा नाही," बाबा म्हणाले. "पँट काप."

मी कापली. दुमडीला त्यांच्या करड्या पँटचा तुकडा तसाच चिकटून राहिला.

"राहू दे गं. आतल्या बाजूला आहे, कुणाला दिसणार नाही." मग भोकावर हात ठेवून ते हळूच म्हणाले, "महिनाभर वेळ नव्हता असं नाही. तुझ्या झग्यावर हातच चालत नव्हता."

मी तिथेच सगळ्यांसमोर त्यांच्या गळ्यात पडले.

लग्नाच्या प्रत्येक फोटोत बाबांचा हात मांडीवर आहे. सही करायला टेबलाकडे जाताना तो खरखरीत तुकडा माझ्या घोट्याला लागत होता. लागावा म्हणून मी मुद्दाम मोठी पावलं टाकत होते.