चालणाऱ्या काठ्या

सिंबू नदीच्या खोऱ्यातल्या त्या डोंगरउतारावर सगळं गाव लोटलं होतं. मांत्रिक बोमाईने आठ दिवसांपूर्वी एका ओळीत ठोकलेल्या सात काठ्यांपैकी पाच पुढे सरकल्या होत्या. मधली तर चांगली वीतभर!

“चालल्या की नाही?” बोमाई गरजला. “मंतरलेल्या आहेत! डोंगराला भेगा पाडणाऱ्या चेटकिणीच्या दारी निघाल्यात!”

काठ्यांच्या समोर, खालच्या अंगाला एकच घर होतं. टेरेसिया म्हातारीचं. पुरुषांच्या हातात कोयते होते.

शाळेतल्या वेरोनिकाबाई धापा टाकत आडव्या आल्या.

“मोंडोकाका, आधी शाळेमागे चला. मीही त्याच दिवशी काठ्या ठोकल्यात. मंत्र नाही, तंत्र नाही. त्याही वीतभर सरकल्यात. आणि तिथून खाली कुणाचं घर आहे? या बोमाईचं! मग हाही चेटक्या का?”

कुणीतरी फिसकन हसलं. गावाचा म्होरक्या मोंडो जाऊन बघून आला. खरंच होतं.

“आता इथल्या कडेच्या दोन काठ्या बघा,” बाई म्हणाल्या. “ जागच्या हलल्या नाहीत, कारण त्या पक्क्या खडकात आहेत. मधल्या मातीत आहेत, आणि मातीच चाललीय. नदीकाठच्या दरडीत दगडगोट्यांखाली चिरडलेले झाडांचे बुंधे दिसतात ना? हजारो वर्षांपूर्वी अख्खा डोंगर इथे कोसळला. त्या ढिगाऱ्यावर आपलं गाव आहे. पावसाने खालची चिकणमाती निसरडी होते, नदी पायथा कुरतडते, की ढिगारा पुन्हा सरकतो.”

कोयते खाली आले. बोमाई पुटपुटत सटकला.

पण गाव सोडायला निघालेल्या टेरेसियाने पाठीवरच्या झोळीत रताळी भरली होती.

“आजी, आता कशाला जाता?” वेरोनिकाबाईंनी तिच्या दाराशी जाऊन विचारलं. “ सगळ्यांना पटलंय.”

“आज पटलंय, पोरी. उद्या कुणाची भिंत तडकली की पुन्हा माझ्याच दारात येतील.”

म्हातारी नदीवरचा झुलता पूल ओलांडून गेली. तिला कुणी थांबवलं नाही.

मोंडो मटकन खाली बसला. “बोमाई खोटा तर खोटा, पण डोंगर थांबवतो म्हणाला होता. तू थांबवशील?”

“नाही, काका. कुणीच थांबवू शकत नाही.”

“मग जायचं कुठे? नदीपलीकडची जमीन दुसऱ्या कुळाची. ते अख्ख्या गावाला पाय ठेवू देतील?”

वेरोनिकाबाईंनी पुलाकडे बोट दाखवलं. “मला नाही माहीत. पण आजच जाऊन त्यांना विचारा. हात जोडा, भांडा, काहीही करा. फक्त दोष कुणाचा, हे विचारत बसू नका. माणूस मारून माती थांबत नाही.”

मोंडो पलीकडच्या काठाकडे बघत राहिला. उठला मात्र नाही.